आठवड्याला चार पौंड

१९०१ पासून इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये एक नियम होता. खेळाडू कितीही गाजलेला असो, त्याला आठवड्याला चार पौंडांच्या वर पगार द्यायचा नाही. १९१० साली यात जरा ढील मिळाली: एकाच क्लबात दोन वर्षं काढली तर साडेचार पौंड, चार वर्षं काढली तर पाच. बस्स, त्यापुढे वाढ नाही. तिकीट काढून पन्नास हजार लोक आत येवोत की सत्तर हजार, मैदानावरच्या अकरा जणांच्या पाकिटात त्याने फारसा फरक पडत नसे. वर आणखी एक मेख होती. करार संपला तरी क्लबाने नाव राखून ठेवलं की खेळाडूला दुसरीकडे जाता येत नसे. त्याची किंमत ठरायची, पैसे एका क्लबाकडून दुसऱ्या क्लबाकडे जायचे आणि खेळाडू पुन्हा त्याच चार पौंडांवर नव्या गावी रुजू व्हायचा.

स्कॉटिश फुटबॉलपटू जिमी स्पीअर्सची गोष्ट या हिशेबाच्या वहीपासून सुरू करावी असं माझं मत आहे. एरवी ती तीन चित्रांत सांगितली जाते: कप जिंकून देणारा गोल, छातीवरचं शौर्यपदक आणि बेल्जियममधली कबर. तिन्ही गोष्टी खऱ्याच आहेत. पण नुसत्या त्या सांगितल्या की माणूस पुतळ्यासारखा दिसायला लागतो. स्पीअर्स पगारी कारागीर होता आणि त्याचं कसब विकत घेणाऱ्यांनी त्याचे भाव लिहून ठेवलेले आहेत.

त्याचा जन्म २२ मार्च १८८६ चा, गोवनमधला. गोवन तेव्हा ग्लासगोचा भाग नव्हतं. क्लाइड नदीकाठचं, जहाजबांधणीच्या गोद्यांचं ते स्वतंत्र गाव होतं आणि ग्लासगोने ते पोटात घेतलं १९१२ साली. स्कॉटलंडमध्ये पगारी फुटबॉल अधिकृत झाला १८९३ मध्ये, म्हणजे इंग्लंडच्या आठ वर्षं मागाहून. त्याआधीच्या काळात स्कॉटिश पोरं सीमा ओलांडून लँकेशायरच्या गिरणगावांत जायची. तिथे त्यांना कागदोपत्री एखाद्या कारखान्यात कामाला लावलं जायचं आणि शनिवारी मैदानात उतरवलं जायचं. इंग्रज क्लबांना स्कॉट का हवे असत याचं कारण साधं होतं. इंग्रज खेळाडू चेंडू पायाशी ठेवून एकट्याने घुसण्यात धन्यता मानत. स्कॉट एकमेकांना पास देत, जागा बदलत, दोघा-तिघांत मिळून बचाव फोडत. त्या काळी ऑफसाइड टाळायला पुढे तीन प्रतिस्पर्धी लागत (दोन हा आकडा आला १९२५ मध्ये), त्यामुळे बचावफळी सहज सापळा लावू शके आणि नुसत्या धावण्याने काही साधत नसे. पास नेमका केव्हा सोडायचा हे ज्याला कळे, त्याला मागणी असे.

स्पीअर्स इनसाइड-फॉरवर्ड होता. पाच आघाडीवीर, मागे तीन हाफ-बॅक, त्यांच्या मागे दोन फुल-बॅक अशी तेव्हाची रचना. पाच आघाडीवीरांत मधला सेंटर-फॉरवर्ड, टोकांना दोन विंगर आणि त्यांच्या मधल्या दोन जागा इनसाइडच्या. या जागेवरच्या माणसाला सर्वांत जास्त पळावं लागे, कारण हाफ-बॅककडून चेंडू घ्यायला मागे यायचं आणि विंगरने क्रॉस मारेपर्यंत पुन्हा गोलसमोर हजर व्हायचं. मेरीहिलच्या स्थानिक फुटबॉलमधून तो १९०५ मध्ये रेंजर्सकडे गेला, १९०८ मध्ये क्लाइडकडे आणि १९०९ मध्ये ब्रॅडफर्ड सिटीकडे. मधे, ७ मार्च १९०८ ला डंडीच्या डेन्स पार्कवर, वेल्सविरुद्ध तो स्कॉटलंडकडून खेळला. सामना २-१ असा जिंकला, तरी त्याला पुन्हा कधी बोलावणं आलं नाही. त्या वेळच्या स्कॉटलंडमध्ये चांगल्या इनसाइड-फॉरवर्डचा तुटवडा नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

ब्रॅडफर्ड हे लोकरीचं शहर. तिथला क्लब १९०३ मध्ये रग्बी सोडून फुटबॉलकडे वळलेला आणि १९१०-११ च्या मोसमात पहिल्या विभागात पाचवा आलेला. त्याहून वर तो आजतागायत गेलेला नाही. त्याच मोसमात एफए कप या इंग्रज क्लबांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्यांची गाठ न्यूकॅसल युनायटेडशी पडली. २२ एप्रिल १९११ ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसवर जवळपास सत्तर हजार लोकांसमोर झालेला सामना ०-० सुटला, आणि तो बघणाऱ्यांना काही फार आवडला नव्हता. चार दिवसांनी, २६ एप्रिलला, ओल्ड ट्रॅफर्डवर फेरसामना झाला. सिटीच्या संघात आठ स्कॉट होते. कप जिंकणाऱ्या इंग्रज क्लबात इतके स्कॉट त्याआधी कधी नव्हते. कर्णधार स्पीअर्स.

त्या गोलकडे जरा जवळून बघण्यासारखं आहे, कारण तो आजच्या नियमांत बहुधा टिकला नसता. पंधरावं मिनिट. गोलसमोर उंच आलेल्या चेंडूला स्पीअर्सने डोकं लावलं. हेडर काही फार जोरकस नव्हता. पण त्याच क्षणी सेंटर-फॉरवर्ड फ्रँक ओ'रूर्क न्यूकॅसलचा गोलरक्षक जिमी लॉरेन्सच्या अंगावर चालून गेला. खांद्याने गोलरक्षकाला रेटणं तेव्हा पूर्ण कायदेशीर होतं. लॉरेन्सची नजर क्षणभर ढळली आणि चेंडू टप्पा घेत जाळ्यात गेला. १-० आणि तोच अखेरचा स्कोअर. उरलेला सव्वा तास किल्ला लढवला तो सेंटर-हाफ बॉब टॉरन्सने. पहिल्या सामन्यात त्याला घेतलंच नव्हतं. फेरसामन्यात तो सर्वांत उठून दिसला.

चेंडूबद्दलही सांगायला हवं, कारण डोक्याने मारायचा म्हणजे काय मारायचा हे आज सहज कळत नाही. कातड्याच्या पट्ट्या शिवून केलेलं कवच, आत रबराचा फुगा. फुगा आत सरकवायचा, पंपाने हवा भरायची, त्याचं नळीसारखं तोंड दुमडून घट्ट बांधायचं, ते कवचाखाली दडपायचं आणि मग आरीसारख्या जाड सुईने चामड्याची वादी ओवून फट आवळायची. तोंड नीट दडपलं नाही तर तिथे टेंगूळ राही आणि चेंडू भलतीकडे उसळे. वादी सैल राहिली तर फुगा बाहेर डोकावे. नियमाप्रमाणे वजन १३ ते १५ औंस, म्हणजे साधारण ३७० ते ४२५ ग्रॅम, पण ते सामना सुरू होतानाचं. कातडं पाणी पितं. पावसात तासाभराने तोच चेंडू कितीतरी जड व्हायचा आणि वादीची बाजू कपाळावर आली तर कातडी फुटायची. बुटांचं तसंच. घोट्यापर्यंत येणारं जाड कातडं, पुढे कडक टोपी, तळाला खिळ्यांनी ठोकलेले कातड्याचे स्टड. झीज झाली की खिळ्याचं डोकं वर येई आणि समोरच्याची नडगी सोलून निघे; म्हणून खिळे कातड्याशी समतल हवेत असं नियमातच लिहिलेलं होतं.

कप त्या वर्षी नवा कोरा होता. आधीच्या कपाच्या नकला निघाल्याने फुटबॉल असोसिएशनने नवी रचना मागवली आणि ते काम पन्नास गिनीला ब्रॅडफर्डच्याच फॅटोरिनी पेढीकडे गेलं. शहरात घडलेला कप पहिल्याच वर्षी शहरात परतला. असे योग कथेत आले तर वाचक नाक मुरडतील.

१९१२ च्या डिसेंबरमध्ये लीड्स सिटीने स्पीअर्सला १,४०० पौंडांना घेतलं. सात वर्षांपूर्वी आल्फ कॉमन हजार पौंडांना विकला गेला तेव्हा वर्तमानपत्रांनी आकांत केला होता, त्या मानाने ही रक्कम मोठीच. लीड्सचा मॅनेजर होता हर्बर्ट चॅपमन, ज्याने पुढे हडर्सफील्ड आणि आर्सेनल घडवले. त्याला जुन्या जाणत्या डोक्याचा माणूस हवा होता. १,४०० पौंड ब्रॅडफर्डच्या खात्यात गेले. स्पीअर्सच्या पगारावर मर्यादा तीच.

१९१४ चा ऑगस्ट उजाडला, युद्ध सुरू झालं आणि फुटबॉल मात्र थांबला नाही. यावरून इंग्लंडच्या उच्चभ्रू वर्तुळात जो गदारोळ झाला तो वाचताना आजही चीड येते. रग्बी आणि क्रिकेटचे हौशी खेळाडू तडक भरती झाले, हे पैशासाठी खेळणारे मात्र घरी बसले, असा सूर. हौशी खेळाडूला घरचं उत्पन्न असे. त्याने बॅट खाली ठेवली तर चूल विझत नसे. पगारी फुटबॉलपटू वर्षाच्या कराराने बांधलेला. तो मोडायचा तर क्लबाची परवानगी हवी. तरी डिसेंबर १९१४ मध्ये लंडनला फुलहॅम टाउन हॉलमध्ये सभा घेऊन फुटबॉलपटूंची वेगळी बटालियन, १७ वी मिडलसेक्स, उभी राहिली. त्याच्या तीन आठवडे आधी एडिंबरामध्ये लीगच्या माथ्यावर असलेल्या हार्ट्सचे अकरा खेळाडू एकदम सर जॉर्ज मॅक्रे यांच्या बटालियनमध्ये दाखल झाले होते. रात्री कवायत आणि कूच, शनिवारी सामना. मोसमाच्या शेवटी पाय गळाले आणि लीग सेल्टिकने नेली.

एप्रिल १९१५ मध्ये मोसम संपला. कपचा अंतिम सामना ओल्ड ट्रॅफर्डवर झाला तेव्हा प्रेक्षकांत गणवेशातले इतके होते की तो खाकी फायनल म्हणूनच ओळखला जातो. पुढच्या मोसमाचं काही खरं नव्हतं. उन्हाळ्यात लीगने ते स्थगितच केलं आणि खेळाडूंना पगार द्यायला बंदी घातली. १७ मे रोजी स्पीअर्सने क्वीन्स ओन कॅमेरॉन हायलँडर्समध्ये नाव घातलं. वय २९, लग्न झालेलं, दोन लहान मुलं.

इथे एक गैरसमज सर्रास आढळतो. विवाहित म्हणून त्याला सक्तीच्या भरतीतून सूट होती आणि तरी तो गेला, असं लिहिलं जातं. मे १९१५ मध्ये ब्रिटनमध्ये सक्तीची भरतीच नव्हती. ती आली जानेवारी १९१६ मध्ये, अविवाहितांसाठी; आणि मे महिन्यात विवाहितांनाही लागू झाली. म्हणजे स्पीअर्स थांबला असता तर त्याला फार तर एक वर्ष मिळालं असतं. तो स्वतःहून गेला हे खरंच आहे; पण कायमची सूट सोडून गेला हे खरं नाही.

आणि हिशेब? साध्या शिपायाला रोजचा एक शिलिंग. बायको आणि दोन मुलांसाठी सरकारी भत्ता आठवड्याला २१ शिलिंग, त्यातले साडेतीन शिपायाच्याच पगारातून कापलेले. चार पौंड म्हणजे ८० शिलिंग. घरात येणारी रक्कम एका फटक्यात चौथाईवर आली. मात्र ८० शिलिंगांचा आकडा त्या उन्हाळ्यात तसाही कुणाच्या हाती राहिला नव्हता. देशप्रेम, मित्रांची संगत, टोमणे, बंद पडलेला पगार, यांतलं किती काय होतं याची वाटणी मी करणार नाही. नुसतं देशप्रेम लिहून मोकळे होणाऱ्यांशी मात्र माझं जमत नाही.

कॅमेरॉन हायलँडर्सचा एक धागा आपल्याकडेही येतो. या पलटणीची दुसरी बटालियन युद्ध सुरू झालं तेव्हा पुण्यात होती. तिला बोलावून घेतलं आणि नोव्हेंबरात इंग्लंडला उतरलेले ते लोक पुण्याच्या हवेतून थेट फ्रान्सच्या हिवाळ्यात गेले. स्पीअर्स गेला सातव्या बटालियनमध्ये, १५ व्या स्कॉटिश डिव्हिजनच्या ४४ व्या ब्रिगेडमध्ये. सप्टेंबर १९१५ मध्ये लूस इथे या बटालियनची चाळण झाली होती. तो फ्रान्सला पोचला १९१६ मध्ये, त्या खिंडाराच्या जागा भरायला आलेल्यांपैकी एक म्हणून.

हायलँड पलटणींचा किल्ट, म्हणजे गुडघ्यापर्यंतचा चुणीदार घागरा, छायाचित्रात रुबाबदार दिसतो. खंदकात तो शाप होता. सात यार्डांच्या आसपास जाड लोकर, मागे घट्ट चुण्या. त्या चुण्यांत उवा वस्ती करत. मेणबत्तीची ज्योत शिवणीवरून फिरवून त्यांची अंडी जाळावी लागत. भिजला की मणभर जड, आणि किनारीला चिखल सुकला की चालताना गुडघ्याच्या मागची कातडी करवतीसारखी कापली जाई. टार्टन, म्हणजे किल्टचं चौकड्यांचं कापड, दुरून दिसू नये म्हणून वरून खाकी कापडाचा एप्रन बांधत.

१९१७ च्या वसंतात आरासच्या लढाईत बटालियन होती. २३ एप्रिलला गेमाप गावापाशी तिची फार हानी झाली, आणि त्या मोहिमेतल्या कामगिरीबद्दल कॉर्पोरल स्पीअर्सला मिलिटरी मेडल मिळालं. हे पदक वर्षभरापूर्वीच, मार्च १९१६ मध्ये, सुरू झालेलं. अधिकाऱ्यांना न मिळणारं, फक्त शिपाई, नाईक, हवालदारांसाठीचं. त्यानंतर तो सार्जंट झाला. तेव्हाच्या प्लॅटूनची नवी बांधणी त्याच वर्षीची होती: चार तुकड्या, एक हातबॉम्बवाल्यांची, एक लुइस गन या हलक्या मशीनगनची, एक नुसत्या रायफलींची, एक रायफलीतून बॉम्ब उडवणाऱ्यांची. सार्जंटने यांना एकमेकांशी जुळवून पुढे न्यायचं. लुइस गन १३ किलोच्या आसपास. वरच्या तबकडीत ४७ काडतुसं. चिखलाचा एक गोळा आत गेला की ती अडते, म्हणून नेताना गोणपाटात गुंडाळायची आणि शेवटच्या क्षणी सोडायची. तो क्षण चुकला की सगळी तुकडी निकामी.

३१ जुलै १९१७ ला ईप्रची तिसरी लढाई, म्हणजे पाशेंडेल, सुरू झाली. त्या ऑगस्टमध्ये तिथे साधारण १२७ मिलिमीटर पाऊस पडला. कोकणातल्या वाचकाला हसू येईल, एवढा तर आपल्याकडे एका दिवसात पडतो. पण तिथली जमीन चिकणमातीची, सपाट, पाणी हाताभरावर. शेतकऱ्यांनी शतकानुशतकं चर खणून ती लागवडीखाली आणली होती, आणि हल्ल्यापूर्वीच्या पंधरा दिवसांत ब्रिटिश तोफांनी चाळीस लाखांहून अधिक गोळे टाकून तेच चर उद्ध्वस्त केले. पडलेला थेंब जाणार कुठे? वर ऊनही नाही. खड्ड्यांना खड्डे लागून तळी झाली, त्यांवरून लाकडी फळ्यांच्या वाटा, आणि २५-३० किलो ओझ्याचा माणूस फळीवरून घसरला तर त्याला ओढून काढायला दोर आणि चार जण लागत. समोर टेकाडावर शेतघरांत दडवलेल्या काँक्रीटच्या जर्मन कोठड्या: बेक हाउस, बॉरी फार्म. १६ ऑगस्टला १६ वी आयरिश डिव्हिजन यांच्यावर आपटून परतली आणि तिची जागा १५ व्या स्कॉटिशने घेतली. २२ तारखेचा त्यांचा मोठा हल्लाही फसला. स्पीअर्स त्याच्या दोन दिवस आधी, २० ऑगस्टला गेला. वय ३१. शव हाती आलं नाही.

युद्ध संपल्यावर ही शेतं चाळण्यात आली. पद्धत ठरलेली होती. पाचशे यार्डांचा चौकोन आखायचा, ३२ जणांनी तो पालथा घालायचा. सामान: रबरी हातमोजे, फावडी, खुणेचे खुंट, किंतान आणि दोर, तारा तोडायच्या कात्र्या, जंतुनाशक क्रेसॉल. कुठे खणायचं हे खुणांवरून ठरे. उलटी रोवलेली रायफल ही सोपी खूण. गवताचा एखादा पट्टा भलताच निळसर हिरवा आणि रुंद पात्याचा दिसला, खड्ड्यातलं पाणी काळपट हिरवं झालं, उंदराच्या बिळाशी हाड किंवा पट्ट्याचा तुकडा आला, की तिथे खुंट. मग गळा, मनगटं, खिसे, बूट तपासायचे. १९१६ च्या सप्टेंबरपासून प्रत्येकाच्या गळ्यात दोन बिल्ले असत, लाल गोल बिल्ला नोंदीसाठी काढून न्यायचा आणि हिरवा अष्टकोनी शवासोबत राहू द्यायचा. कल्पना उत्तम, पण बिल्ले दाबलेल्या तंतूंचे, ओल्या मातीत कुजणारे. मग मोज्याच्या पट्टीत खोचलेल्या चमच्यावरचा क्रमांक उपयोगी पडे. किल्टच्या तुकड्यावरून पलटण कळे, माणूस नाही.

स्पीअर्सची ओळख पटली. त्याची कबर असलेल्या डॉची फार्म न्यू ब्रिटिश सिमेट्रीत आसपासच्या रानांतून आणलेले सुमारे १,४०० जण पुरलेले आहेत आणि त्यांतले साडेनऊशेहून अधिक निनावी आहेत, हे बघितलं की ओळख पटणं हा अपवाद होता हे ध्यानात येतं. बॉब टॉरन्सच्या वाट्याला तेवढंही आलं नाही; तोफखान्यात असताना तो एप्रिल १९१८ मध्ये मारला गेला आणि त्याची कबर सापडलेलीच नाही. २००३ मध्ये स्पीअर्सच्या पदकांचा लंडनमध्ये लिलाव झाला, कपचं सुवर्णपदक धरून २६ हजार पौंडांवर किंमत गेली.

लीड्स सिटीचं पुढे काय झालं तेही या वहीतलंच पान आहे. युद्धाच्या वर्षांत पगारबंदी असताना या क्लबाने पाहुण्या खेळाडूंना गुपचूप पैसे दिल्याचा आरोप १९१९ मध्ये झाला. लीगने हिशेबाची कागदपत्रं मागितली, क्लबाने दिली नाहीत, आणि ऑक्टोबरमध्ये क्लबच मोडीत काढला गेला. १७ ऑक्टोबरला लीड्सच्या मेट्रोपोल हॉटेलमध्ये जर्सी, बूट, गोलच्या जाळ्या यांच्यासोबत खेळाडूही विकायला ठेवले गेले. बाकीच्या क्लबांचे लोक बोली लावायला जमले होते. ज्याच्या शेजारी स्पीअर्स आघाडीला खेळत असे तो बिली मॅक्लाउड नॉट्स काउंटीने १,२५० पौंडांना नेला. स्पीअर्सला आणताना मोजले होते त्याहून दीडशे कमी.